दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी

आज दुपारी गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला म्हणून मेसेज आला आणि मी दुकान लवकर बंद करून गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर गेलो, तर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलेलं. आपल्याकडे पूर असाच मोजतात ना, गुडघे, कंबर, छाती. क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्याचे) आकडे कुणाला पटकन कळत नाहीत, पण मारुती बघितला की भांडीबाजारातला माणूस माल वरच्या फळीवर ठेवायला लागतो. 2008 च्या पुरात आमच्या काकांचं दुकान अख्खं पाण्याखाली गेलं होतं, काकू अजून पाऊस जोरात लागला की रात्री उठून बसते.

पण सगळा पूर धरणातूनच येतो असं नाही हो. सराफ बाजारात पाणी शिरतं ते सरस्वती नाल्याचं, वर सगळीकडे काँक्रीट झाल्यावर पाणी जिरणार कुठे? निळ्या पूररेषेच्या आत, जिथे बांधकामाला बंदी असते तिथेच बांधकामं झालीयत, ती काय ढगफुटीने नाही केली, माणसानेच केली.

आणि मला खरी धाकधूक 2027 च्या कुंभमेळ्याची आहे. 2003 च्या कुंभात 27 ऑगस्टला चेंगराचेंगरीत 39 जण गेले, तेव्हा तर पूरही नव्हता. शाही स्नानं ऐन पावसाळ्यात येतात, अरुंद गल्ल्या, लाखो माणसं आणि त्याच दिवशी विसर्ग करावा लागला तर? घाटावरच्या टपरीवाल्या मावशींना विचारलं, पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की कुठे जायचं ठरलंय का? त्या म्हणाल्या, "आम्ही आपलं मारुतीकडे बघून सामान उचलतो, पण बाहेरगावच्या माणसाला काय कळणार दादा?"