तुम्ही विचारलंत म्हणून: कोडिंग शिकायचंय, लॅपटॉपवर काय टाकू?

ॲडमिशनचे दिवस आले की हा प्रश्न मला इंदूरात हमखास येतो, कधी रामबागेतल्या एखाद्या मावशीकडून नातवासाठी, कधी भंवरकुआंला कोचिंगला जाणाऱ्या मुलाकडून, की काका कुठली लँग्वेज घेऊ आणि कुठलं सॉफ्टवेअर टाकू. आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्याने तोवर यूट्यूबवर इतकं बघितलेलं असतं की चार-पाच एडिटरांची, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरांची, नावं तोंडपाठ असतात, हाताने लिहिलेली ओळ मात्र एकही नसते.

माझं उत्तर ठरलेलं आहे, लँग्वेज पायथन घ्या आणि ती लिहायला थॉनी टाका. थॉनी एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनलेलं आहे, फुकट आहे, आणि पायथन त्याच्या पोटातच येतं त्यामुळे वेगळं काही बसवत बसायला नको. दिसायला अगदी साधं, म्हणून मुलं नाक मुरडतात, त्यांना ती काळी स्क्रीन आणि रंगीबेरंगी अक्षरं हवी असतात. ती नंतर मिळतील हो.

मग लगेच पुढचं येतं, "पण कॉलेजात टर्बो सी आहे." असतंच, अजून कितीतरी लॅबमधे आहे. सी लँग्वेजसाठीचं बोरलँड कंपनीचं डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर, ६४ बिटच्या विंडोजवर सरळ चालतच नाही म्हणून डॉसबॉक्स नावाच्या, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधे घालून चालवतात, तीच ती निळी खिडकी. प्रॅक्टिकलच्या फाईलपुरतं वापरा, व्हायव्हा द्या, मास्तरांशी वाद घालू नका, पण घरी सी करायचं तर जीसीसी हा आजचा सी कंपायलर घ्या. का ते सांगतो. समजा घरच्या भिशीचा हिशोब करायचाय, बारा जणी, प्रत्येकी ५०००. टर्बो सीमधे दोन्ही आकडे इंटमधे, म्हणजे पूर्णांकाच्या कप्प्यात, ठेवून गुणाकार केलात तर उत्तर येतं उणे ५५३६! भिशीत पैसे भरून वर देणंच निघालं. कारण तिथला इंट दोनच बाइटचा, ३२७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही, आणि ६०००० मधून ६५५३६ गेले की जे उरतं ते समोर येतं. तोच प्रोग्राम आजच्या जीसीसीत टाका, निमूट ६०००० देतो. आता ते उणे उत्तर बघून नवीन मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो रात्रभर सेमीकोलन शोधत बसतो.

पायथनमधे असं होत नाही, पण दुसरं होतं. इनपुट या आज्ञेने रक्कम विचारली, समोरच्याने ५००० टाइप केलं, तुम्ही बाराने गुणलं, तर ५०००५०००५०००… अशी बारा वेळा ओळीने लिहिलेली भलीमोठी रांग येते. एररसुद्धा नाही! इनपुटमधून जे येतं ते मजकूर म्हणून येतं, आणि पायथनमधे मजकुराला बाराने गुणणं म्हणजे तो बारा वेळा लिहिणं. इथे थॉनी कामाला येतं. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या गोष्टींची, खिडकी उघडा, तिथे ५००० च्या दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं दिसतील, म्हणजे हा आकडा नाही, अक्षरं आहेत. इनपुटला इंटच्या कंसात घाला, int(input()) असं, की अक्षरांचा आकडा होतो, काम झालं. डीबग लावून एकेक ओळ पुढे सरकवत हे बघितलं ना, की जे कळतं ते तासभराच्या व्हिडिओने कळत नाही, निदान मी शिकवलेल्या मुलांचं तरी असंच आहे. आणि जाता जाता, पायथन ३ मधे व्हेरिएबलचं नाव चक्क देवनागरीत "रक्कम" ठेवता येतं, आणि त्या इंटला मराठी आकड्यांतलं ५००० दिलं तरी कळतं. ऑफिसात असं कोणी लिहित नाही, पण घरी करून बघा, मजा येते.

लाल अक्षरांतली एरर आली की खिडकी बंद करू नका, आधी शेवटची ओळ वाचा, काय बिघडलं ते तिथे असतं, कुठे बिघडलं ते तिच्या वर. एवढी सवय लागली तरी पहिल्या महिन्याचं सार्थक.

लॅपटॉपचं विचाराल तर घरातला जुना ४ जीबी रॅमवाला पुरतो. ॲप बनवायचंच म्हणून अँड्रॉइड स्टुडिओ टाकणार असाल तर त्याला कमीत कमी ८ जीबी लागते, पण ते पहिल्या दिवशी कशाला? लॅपटॉप नसेलच तर पायथन लिहायला गूगल कोलॅब आहे, ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरही ब्राउझरमधे चालतं. आणि वेबसाइटचा ओढा असेल तर जावास्क्रिप्ट, तिला काहीच टाकायला नको, क्रोममधे एफ१२ दाबा आणि कन्सोल नावाच्या टॅबमधे लिहा. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत काय चालतं हे विचारू नका आत्ता, तिथे पोचेपर्यंत ते बदललेलं असेल.

व्हीएस कोडवर, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ कोड या मोठ्या एडिटरवर, कधी जायचं? एका फाईलमधे काम मावेनासं झालं की. ते २०१५ पासून आहे, फुकट आहे, चांगलंच आहे, फक्त त्यात पायथन आपोआप येत नाही, पायथन आणि त्याचं एक्स्टेंशन दोन्ही वेगळं टाकावं लागतं. विंडोजवर पायथन टाकताना इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर खाली पाथमधे ॲड करायचा चौकोन दिसला तर त्यावर टिक करा, नाहीतर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, म्हणेल पायथन सापडत नाही. आणि डाउनलोड करताना नाव नीट बघा, व्हिज्युअल स्टुडिओ हे वेगळंच, जांभळ्या आयकॉनचं, कित्येक जीबीचं धूड आहे. तुम्हाला निळ्या आयकॉनचं व्हीएस कोड हवंय.