उजव्या सोंडेचा फोटो

रविवारी दुपारी आमच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि माणसं जास्त असतात. शहापूरच्या बोळात पुढं स्कॅनिंगची खोली, मागं डार्करूम आणि मधे एक लांब टेबल. बेळगावात आणि आसपास रोलवर फोटो काढणारे जे थोडेफार वेडे उरलेत, ते आपापल्या प्रिंटा घेऊन इथं जमतात. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, लोंढ्याला रेल्वेत नोकरी झालेले एक मामा, आजोबांचा पेंटॅक्स के १००० कॅमेरा गळ्यात घालून फिरणारा इंजिनिअरिंगचा एक पोरगा, खानापूरच्या एक डॉक्टरीणबाई. नियम एकच: ज्याचा फोटो, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी आधी बघायचं, बोलायचं, भांडायचं. त्यानं सांगायचं ते सगळ्यात शेवटी. मोबाईलवर फोटो दाखवणारा फोटोच्या आधी स्वतःच सुरू होतो, आणि बघणारा हूं हूं करत पुढं सरकवतो. टेबलावर ते चालत नाही.

त्या रविवारी पोरानं गोकाकच्या धबधब्याच्या प्रिंटा आणल्या होत्या. बाहेर आषाढातला पाऊस, आणि मास्तर 'पाणी सगळं पांढरं फटक आलंय, त्यात काय दिसंना' म्हणून त्याला फैलावर घेत होते. तेवढ्यात वडगावचं एक कुटुंब आलं. मुलगा पन्नाशी ओलांडलेला, स्वतःचे माग चालवणारा. त्याची बायको, कॉलेजात जाणारा नातू, आणि नातवाच्या हाताला धरून आज्जी. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फ्रेम केलेला फोटो.

"साफ करून मोठा करून द्या वो. चतुर्थीच्या आत पाहिजे," मुलगा म्हणाला.

फोटो घराचा होता. दगडी चौकट, पुढं ओटा, ओट्यावर बसलेली चार-पाच माणसं, चौकटीच्या वर दगडात कोरलेला छोटा गणपती, कडेला चिंचेचं खोड. घर हुक्केरी तालुक्यातलं. हिडकलचं धरण झालं आणि घटप्रभेचं पाणी गावावर चढलं, तेव्हा ही मंडळी बेळगावला आली. गाव सोडण्याआधी आजोबांनी संकेश्वरहून फोटोग्राफर बोलावून हा एकच फोटो काढून घेतला होता. घराची दुसरी कसलीच खूण नाही. दाराच्या लाकडी फळ्या आणल्या, दगडी चौकट तिथंच राहिली.

"ह्यात गणपती नीट दिसला पाहिजे," मुलगा पुढं म्हणाला. "उजव्या सोंडेचा हाय. आमच्याकडं त्याचं कडक असतंय."

आज्जी स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे आमचं दार न्हवं."

"झालं सुरू," मुलगा म्हणाला. "आई, दार तेच, बाबा तेच, सगळं तेच."

"माणसं आमचीच हायत. दार न्हवं. चिंच ह्या अंगाला न्हवती, त्या अंगाला हुती. आणि गणपती डाव्या सोंडेचा हुता. मी रोज कुक्कू लावत हुते त्याला."

मुलगा माझ्याकडं बघून कसनुसं हसला. वयाचा विषय असला की लोक असंच हसतात. सुनेच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. थोरले दीर कोल्हापूरला असतात. त्यांनी फोटोतली सोंड बघून 'उजव्या सोंडेचा म्हणजे सोवळं पाळायलाच पाहिजे' असं ठरवून टाकलं होतं, आणि ते सगळं पाळायचं काम वडगावात हिच्या वाट्याला आलं होतं. हे तिनं नंतर डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पण तेव्हाच ती पुढं झुकून आज्जींचं बोलणं ऐकत होती.

फ्रेम टेबलावर ठेवली आणि आमच्या लोकांना आयता विषय मिळाला. मास्तरांनी भिंग काढलं. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्या मधल्या माणसाच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे."

"शिंपी डावखुरा असंल," पोरगा म्हणाला.

"शिंप्याच्या हातावर खिसा ठरत नाही रे बाबा."

डॉक्टरीणबाईंना कडेच्या तरुणाच्या उजव्या मनगटावर घड्याळ दिसलं. मामा म्हणाले, आमचे एक गार्डसाहेब जन्मभर उजव्या हातात घड्याळ बांधायचे, त्यावरून काही सिद्ध होत नाही. बटणांच्या पट्टीची कुठली बाजू कुठल्यावर आहे हे बघायला गेले, तर नेमका तिथं फोटो पिवळा पडून गेला होता. म्हणजे संशय घ्यायला जागा होती, पण प्रत्येक संशयाला उत्तरही होतं. घर उभं असतं तर जाऊन बघता आलं असतं. मामांनी तेही सुचवलं: उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, लोक जाऊन बघून येतात, मग घर का नाही? आज्जी म्हणाल्या, "देऊळ घडीव दगडाचं. आमच्या मातीच्या भिंती कवाच इरघळल्या असतील."

मी फ्रेम उघडायला घेतली. साफ करायचा तर ती काढावीच लागणार होती. गंजलेले खिळे, मागं पातळ फळी, फळीच्या आत 'तरुण भारत'चं १९७४ सालचं घडी घातलेलं पान. पानाच्या घडीत बटरपेपरचं एक पाकीट निघालं. आजोबांनी पैसे देऊन निगेटिव्ह मागून घेतलेली असणार. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्ह सहसा हातची सोडत नसत, तिच्यावर पुढच्या कॉप्यांचा धंदा असायचा. आणि दुकान बंद पडलं की हेच गठ्ठे चांदी काढणाऱ्यांना वजनावर जायचे. सीमाभागातल्या कितीतरी गावांचे चेहरे असे हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, आणि चांदीच्या हिशेबात गेलेत. त्याची हळहळ मला फोटो हरवलेल्या माणसांपेक्षा जास्त वाटते, कारण त्यांना काय गेलं हे माहीतच नाही.

पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. ॲसिटेटची फिल्म जुनी होऊन सडायला लागली की हाच वास सुटतो. मग ती आकसते, वळते, शेवटी चिरते. ही नुकतीच वळायला लागली होती. कडेनं बुरशीची जाळी. नातू म्हणाला, पाण्यानं धुऊ या का? अशा निगेटिव्हला पाण्याचा थेंब लावायचा नाही. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र हातात सुटून येतं. मऊ ब्रशनं कोरडी झटकली, फुग्यानं वारा मारला, आणि लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पेटीवर, ठेवली.

चौकोनी निगेटिव्ह, ६ बाय ६ सेंटिमीटरची, १२० च्या रोलची. कडेला इंग्रजीत 'ओर्वो'. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा माल. आपल्याकडं तेव्हा हा रोल आणि ऊटीचा 'इंदू' गावोगावच्या स्टुडिओत असायचा. ओर्वो हे नावच १९६४ पासूनचं, म्हणजे फोटो त्यानंतरचा.

आता मुद्द्याची गोष्ट. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी, जिच्यावर इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, असतं ती, मंद. चकचकीत बाजू आपल्याकडं धरली की कडेची अक्षरं सुलट वाचता येतात आणि चित्रही जगात होतं तसं दिसतं. एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडायच्या यंत्रात, मंद बाजू खाली, कागदाकडं. उलटी घातली तरी फोटो तितकाच छान येतो, फक्त डाव्याचं उजवं होतं. माणसांचा फोटो असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मी चकचकीत बाजू वर केली, 'ओर्वो' सुलट वाचलं, आणि चिंच आज्जींनी सांगितलेल्या अंगाला गेली.

मी काहीच बोललो नाही. टेबलाचा नियम मलाही लागू आहे. आणि खरं म्हणजे निगेटिव्हमध्ये दिसलेलं घरच्या लोकांना पटत नाही. काळ्याचं पांढरं झालेलं चित्र त्यांना वाचताच येत नाही. प्रिंटच पाहिजे होती.

आज्जींना विचारलं, आत येता काय? त्या आल्या. लाल दिव्यात स्टूल टाकून दिलं. निगेटिव्ह दोन काचांत दाबून सपाट केली. पाठीवर, चकचकीत बाजूला, एक लांब चरा होता. तिथं नाकाच्या कडेचं तेल बोटानं लावलं. हसू नका, जुने प्रिंटर हेच करायचे. चऱ्यात तेल भरलं की उजेड फुटत नाही. आधी कागदाची एक पट्टी काढून उजेडाचा वेळ ठरवला, मग आख्खी निगेटिव्ह कागदावर पाडली. जुन्या फोटोत वरचं आणि दोन्ही कडांचं बरंच कापलेलं होतं. आता आत आणखी काय आहे ते येणार होतं.

डेव्हलपरमध्ये कागद हलवताना आज्जी बोलत होत्या. "तो फोटोवाला आमच्याकडं बघतच न्हवता. छातीवर डबा धरून खाली मान घालून बसलेला. माझे सासरे म्हणाले, ह्याला आम्ही दिसतोय का न्हाई?" म्हणजे दोन भिंगांचा ट्विन लेन्स कॅमेरा, रोलीफ्लेक्स नाहीतर याशिकासारखा. त्याच्या वरच्या काचेत चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. माझ्या मनात आलं, त्या माणसानं घर आयुष्यात एकदाच बघितलं, तेही उलटं. निगेटिव्ह उलटी पडली तर त्याला खटकणार कसं? त्याला ते घर तसंच आठवत असणार. हा माझा तर्क, पण मला तो आवडला.

चित्र वर आलं. आज्जी ट्रेवर वाकल्या आणि म्हणाल्या, "ही बग चिंच." तेवढंच. मग, "आणि गाडी."

गाडी मलाही तेव्हाच दिसली. कापलेल्या कडेत ओट्याच्या पलीकडं बैलगाडी उभी होती, आणि तिच्यावर वासे, फळ्या, एक दार. घर मोडायला सुरुवात झाली होती. फोटोत ते दिसू नये म्हणून प्रिंट काढणाऱ्यानं, किंवा आजोबांनीच सांगून, ती कड उडवली असणार.

हायपोतून काढून, धुऊन प्रिंट बाहेर टेबलावर ठेवली. शेजारी जुनी. पहिल्यांदा बोलला तो नातू. गाडीच्या मागं भिंतीवर काहीतरी लिहिलेलं त्याला दिसलं. मास्तरांचं भिंग त्यानं ओढूनच घेतलं. इंग्रजीत 'डीडीटी', आणि खाली तारखेचे आकडे, पुसट. मलेरिया निर्मूलनवाले फवारणी करून गेले की भिंतीवर असं लिहून जायचे. १९५८ पासून तो कार्यक्रम देशभर चालला होता आणि जुन्या घरांच्या भिंतींवर ह्या खुणा वर्षानुवर्षं असायच्या. अक्षरं सरळ होती. जुन्या फोटोत ही भिंत आली असती, तर कुणालाही पहिल्या दिवशीच कळलं असतं की फोटो उलटा आहे.

मग सगळ्यांच्या नजरा एकदम चौकटीवर गेल्या. सोंड डावीकडं.

सून म्हणाली, "म्हणजे हे सगळं सोवळं...?" आणि तिनं वाक्य पुरं केलं नाही. नवरा म्हणाला, "थांब, दादाला विचारू दे." त्यावर ती जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. डॉक्टरीणबाई तिला घेऊन बाहेरच्या खोलीत चहाला गेल्या. मास्तर आपला खिशाचा मुद्दा बरोबर होता हे दोन-तीनदा सांगून झाले. आज्जी कुणाशीच भांडल्या नाहीत. त्या गाडीचे बैल कुणाचे, हे नातवाला सांगत बसल्या होत्या.

कोल्हापूरला फोन लागला. मुलानं स्पीकर चालू करून मोबाईल टेबलावर ठेवला. थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं फोटो खोटं बोलत होता व्हय?" मी त्यांना इमल्शनची बाजू, कडेची अक्षरं, डीडीटी, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "तुमचं बरोबर असंल. पण बाबांनी आयुष्यभर त्याच फोटोला नमस्कार केलाय. वडगावात काय लावायचं ते लावा. मला जुना होता तसाच एक मोठा करून पाठवा."

पुढच्या आठवड्यात मी दोन्ही काढल्या. वडगावची प्रिंट आख्ख्या निगेटिव्हची, गाडी आणि डीडीटीसकट. कोल्हापूरसाठी निगेटिव्ह मुद्दाम उलटी घातली, चकचकीत बाजू खाली, आणि जुना फोटो शेजारी ठेवून कडा तिथल्या तिथंच कापल्या. गणपती उजव्या सोंडेचा झाला. दोघांचेही पैसे वडगावच्या सुनेनं दिले, आणि कोल्हापूरचं पार्सल मीच पाठवावं असं सांगून गेली.