सोडियम, दमट हवा आणि माझी पीएचडी

बॅटरीवर पीएचडी करतोय म्हटलं की नातेवाईक इन्व्हर्टरच्या तक्रारी घेऊन येतात. मामांना एकदा नीट सांगून पाहिलं, की मी बॅटरी दुरुस्त करत नाही, तिच्यात घालायची पूड बनवतो. "पूड?" एवढंच म्हणाले आणि चहाकडे वळले.

ही पूड म्हणजे सोडियम, लोखंड आणि मँगनीज यांचं थराथरांचं ऑक्साइड, सोडियम बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडसाठी. मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम आपल्याला बाहेरून आणावं लागतं, सोडियम मिठात आहे. शिवाय सोडियमचा ॲल्युमिनियमशी मिश्रधातू होत नाही, म्हणून दोन्ही इलेक्ट्रोडना ॲल्युमिनियमची फॉइल चालते, लिथियम बॅटरीत एका बाजूला लागणाऱ्या तांब्याचा खर्च वाचतो. 2012 मध्ये जपानच्या शिनिची कोमाबांच्या गटाने अशाच ऑक्साइडमधून ग्रॅममागे 190 मिलिअँपिअर-तासांची क्षमता, म्हणजे साठवता येणारा विद्युतभार, काढून दाखवली. आमच्या लॅबमध्ये त्याचं पुढचं काम चालतं.

पूड बनवणं सोपं. कार्बोनेट आणि ऑक्साइडं तोलायची, सोडियम थोडं जास्तच धरायचं कारण भट्टीत ते उडून जातं, बॉल मिलमध्ये (गोळ्यांच्या फिरत्या डब्यात) दळायची, दाबून पेलेट म्हणजे चपट्या वड्या करायच्या आणि 900 अंशांवर रात्रभर भट्टीत ठेवायच्या. खरी कसोटी भट्टी उघडल्यावर लागते. हे ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आणि आमच्याकडे जुलैत भिंतींनाही ओल येते. म्हणून पेलेट गरम असतानाच चिमट्याने उचलायच्या आणि थेट ग्लव्हबॉक्सकडे, म्हणजे आर्गॉन वायूने भरलेल्या बंद पेटीकडे धाव घ्यायची. कॉरिडॉरमध्ये कुणी गप्पा मारायला थांबवलं, तर थांबायचं नाही.

ओल शिरली की स्लरीच, म्हणजे फॉइलवर लावायचं मिश्रणच सांगते. पूड, कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळी) आणि पीव्हीडीएफ हा चिकटवणारा बाइंडर एनएमपी या द्रावकात घोटून डोशाच्या पिठाइतकं सैल व्हायला हवं. पण पूड ओलसर झाली असेल तर तिच्या पृष्ठभागावर सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं, ते बाइंडरलाच खातं, आणि बघता बघता सगळं तपकिरी पडून चिकट थिजतं. चमचा उलटा केला तरी पडत नाही. मग फॉइलवर ब्लेडने थर ओढायचा विचारच सोडायचा.

स्लरी जमली आणि फॉइलवर तिचा थर बसून इलेक्ट्रोड झाला की सेल लावण्यात मजा आहे. ग्लव्हबॉक्सच्या जाड हातमोज्यांतून सोडियमचा तुकडा तेलातून काढायचा, पुसायचा, वरची राखाडी साल सुरीने कापायची. आतला धातू आरशासारखा लखलखतो. तो लाटून चकती पाडायची, दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा काचतंतूंचा सेपरेटर, आयन वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रोलाइटचे थेंब, वर आपला इलेक्ट्रोड, आणि झाकण घट्ट आवळणाऱ्या क्रिम्परचा दांडा दाबायचा. 20 मिलिमीटरची कॉइन सेल तयार, आणि त्यात आपली पूड जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम.

पुढे नुसती वाट पाहणं. सी बाय टेनच्या वेगाने, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या दहाव्या हिश्शाच्या करंटने, एक चार्ज दहा तास, डिस्चार्ज दहा तास. शंभर सायकली म्हणजे जवळपास तीन महिने. सेल चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या टेस्टरची चॅनेल कुणाला किती, यावरून लॅबमध्ये जी भांडणं होतात ती गावच्या पाण्याच्या पाळीवरूनही होत नसतील.

पहिला चांगला आलेख घेऊन मी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेलो. त्यांनी डिस्चार्जकडे पाहिलंच नाही. "पहिला चार्ज किती आला?" एवढंच विचारलं. प्रश्न वर्मी लागणारा होता. या ऑक्साइडमध्ये मुळातच सोडियमच्या तीनांतली एक जागा रिकामी असते. आमच्या चाचणीतल्या सेलमध्ये पलीकडे सोडियम धातूच ठेवलेला असतो, तो ही तूट गुपचूप भरून काढतो, म्हणून पहिल्या चार्जपेक्षा डिस्चार्ज मोठा दिसतो. खऱ्या बॅटरीत पलीकडे हार्ड कार्बन (एक प्रकारचा कडक कोळसा) असतो, त्याच्याकडे द्यायला सोडियम नसतंच. पेपरांमधले भलेमोठे आकडे वाचताना आता मी आधी हेच शोधतो, आणि माझ्या मते निम्मा उत्साह तिथेच ओसरायला हवा.

मग आम्ही लोखंडाच्या जागी थोडं तांबं घालून पाहिलं. क्षमता जराशी घटली, पण पूड हवेत टिकू लागली. पेपर पाठवला तेव्हा तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने नेमकं हवेतल्या टिकाऊपणाचाच पुरावा मागितला. त्यासाठी वेगळी आर्द्रता-पेटी लागली असती. पण ऑगस्ट चालू होता. दोन्ही नमुने काचेच्या बशीत खिडकीशी ठेवले आणि अधूनमधून एक्सआरडी काढत गेलो, म्हणजे क्ष-किरणांनी आतल्या थरांची रचना तपासत गेलो. बिनतांब्याच्या नमुन्यात 16 अंशांच्या कोनाजवळचा मूळ पीक (आलेखातला उंचवटा) खचत गेला आणि 12 अंशांच्या जरा पुढे नवा उगवला, म्हणजे थरांमध्ये पाणी शिरलं. तांब्याच्या नमुन्याचा पीक जवळपास तसाच राहिला. आकृती पुरवणीत गेली, आणि त्यावर रिव्ह्यूअरने पुन्हा काही विचारलं नाही.