बलाट्रोत जोकरांचा क्रम पाहा

सुट्टी बलाट्रोत गेली. २०२४ चा हा पत्त्यांचा गेम एकट्या माणसाने बनवलाय आणि त्याचा हिशोब इतका चोख आहे की प्रत्येक हाताचं, म्हणजे एका वेळी खेळलेल्या पत्त्यांचं, गणित मांडता येतं.

बरेच जण अडकतात ते जोकरांच्या, म्हणजे गुण वाढवणाऱ्या खास पत्त्यांच्या, क्रमात. जोकर डावीकडून उजवीकडे लागू होतात. पहिल्या पातळीचा फ्लश (एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम वगैरे, पाच पत्ते) म्हणजे ३५ चिप्स (गुण) गुणिले ४; हा ४ म्हणजे गुणक. राजा, १०, ८, ६, २ असे पाच पत्ते असतील तर त्यांचे ३६ धरून चिप्स ७१. आता गुणकात ४ मिळवणारा (+४) जोकर डावीकडे आणि गुणक तिप्पट करणारा (×३) उजवीकडे ठेवा: (४+४)×३ म्हणजे २४, एकूण १७०४. उलट लावा: ४×३+४ म्हणजे १६, एकूण फक्त ११३६! जोकर ओढून कधीही हलवता येतात, म्हणून नवा घेतला की आधी रांग लावा.

दुसरं म्हणजे पैसे. फेरी संपताना दर ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ शिल्लक ठेवायचे, वरचे खर्चायचे. सुरुवातीलाच रीरोलवर (पैसे देऊन दुकानातला माल बदलण्यावर) उधळले की पुढे चांगला जोकर समोर येऊनही हात रिकामे.

'द हेड' या बॉसला (खास अट असलेल्या अवघड फेरीत) बदामाचे पत्ते निकामी होतात. बदामाचा फ्लश लागतो, पण पत्त्यांच्या चिप्स मिळत नाहीत. एकाच रंगावर अख्खा डेक उभा करणाऱ्यांनी पुढचा बॉस दुकानात जायच्या आधीच बघून ठेवावा.

सोबत सेलेस्ट हा उड्या मारत डोंगर चढायचा गेमही खेळून बघा. अवघड वाटला तर असिस्ट मोडमध्ये (गेम सोपा करणाऱ्या सोयीत) गेमचा वेग ५०% पर्यंत खाली आणता येतो. बेधडक वापरा.