गेमच्या स्क्रीनशॉटमध्ये फोकस कसा बसवायचा

पात्राचा चेहरा धारदार आणि मागचं सगळं विरघळलेलं हवं, म्हणून बरेच जण फोटो मोड (गेम थांबवून चित्र टिपायची सोय) उघडताच ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) कमी-जास्त करत बसतात. पण आधी कॅमेऱ्याची जागा आणि एफओव्ही (कॅमेऱ्याला किती रुंद कोनातलं दिसतं ते) ठरवून टाका. यातलं काहीही नंतर बदललं की फोकसचं अंतर पुन्हा बसवावं लागतं.

फ्रेम ठरली की ऑटोफोकस बंद करा. तो बहुधा फ्रेमच्या मधोमध जे असेल ते पकडतो, आणि तिथे अनेकदा छाती किंवा खांदा असतो. आता ॲपर्चर पूर्ण उघडा, म्हणजे एफ-आकडा सगळ्यात खाली आणा. धारदार पट्टा अगदी अरुंद झाला की फोकस कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. अंतराचा स्लायडर हळूहळू सरकवत तो पट्टा कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर आणा. मग एफ-आकडा वाढवत न्या आणि नाक व दुसरा डोळा हवे तेवढे धारदार झाले की थांबा.

किती वाढवायचा याचा अंदाज खऱ्या लेन्सवरून येतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, विषय २ मीटरवर आणि एफ/२.८ असेल, तर धारदार पट्टा साधारण ९ सेंटीमीटरचा असतो. एफ/१.४ ला तो निम्मा होतो, एफ/८ ला २५ सेंटीमीटरच्या थोडा पुढे जातो. पोर्ट्रेटसाठी २.८ ते ४ पुरेसं आहे. दूरवरून टिपलेल्या अख्ख्या शहराला मात्र एफ/१.४ चा ब्लर देऊ नका. एवढ्या अंतरावरून खरी लेन्स जवळजवळ सगळंच धारदार दाखवते, त्यामुळे जास्त ब्लर दिसला की डोळा ते दृश्य खेळण्यातलं समजतो.

गेममध्ये फोटो मोड नसेल तर पीसीवर रीशेड (गेमच्या चित्रावर इफेक्ट चढवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यातला सिनेमॅटिक डीओएफ हा शेडर, म्हणजे इफेक्ट, वापरा; डीओएफ म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, धारदार पट्ट्याची खोली. आधी डिस्प्लेडेप्थ (रीशेडला मिळणारी डेप्थ, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर, दाखवणारा शेडर) चालू करून तपासा: जवळच्या वस्तू काळ्या आणि दूरच्या पांढऱ्या दिसायला हव्यात. उलटं दिसत असेल तर डेप्थ रिव्हर्स्डचं सेटिंग बदला. काहीच दिसत नसेल तर गेममधलं एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करून पाहा; डीएलएसएस किंवा डायनॅमिक रिझोल्यूशन (गेम कमी रिझोल्यूशनवर चालवणारी सेटिंग्ज) यांमुळेही रीशेड चुकीचा डेप्थ बफर (ही अंतरं साठवलेली जागा) उचलतो. ऑनलाइन गेममध्ये डेप्थ बहुधा मिळतच नाही, कारण फसवणूक टाळण्यासाठी रीशेडच्या साध्या आवृत्तीत नेटवर्क चालू असताना ती बंद होते.

सिनेमॅटिक डीओएफमधली फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीमधला आकडा) गेमच्या एफओव्हीशी आपोआप जोडलेली नसते, आणि इथेच चित्र खोटं वाटायला लागतं. आडवा एफओव्ही ४० अंश असेल तर ५० मिमी ठेवा, २४ अंश असेल तर ८५. गेमचा स्वतःचा डेप्थ ऑफ फील्डही बंद करा, नाहीतर ब्लरवर ब्लर चढतो.

आता केसांचा प्रश्न. हा ब्लर चित्र तयार झाल्यावर, प्रत्येक पिक्सेलच्या अंतरावरून लावला जातो. बारीक केस, काच, धूर, पाऊस यांची खोली बफरमध्ये बहुधा नीट लिहिलेलीच नसते. म्हणून मागचं दृश्य पुसट होताना केसांच्या कडाही पुसट होतात, किंवा डोक्याभोवती धारदार पार्श्वभूमीची एक किनार उरते. केसांमागे साधी भिंत किंवा आकाश येईल असा कोन निवडला तर हे फारसं जाणवत नाही. एफ-आकडा थोडा वाढवूनही फरक पडतो.

अग्रभागातली फांदी किंवा खांब पुसट करणं त्याहून अवघड. त्यांच्यामागे काय आहे ते गेमने काढलेलंच नसतं, त्यामुळे कड अर्धपारदर्शक होण्याऐवजी चिखलासारखी पसरते. अशा वेळी जवळच्या भागाचा कमाल ब्लर वेगळा कमी करा. सिनेमॅटिक डीओएफमध्ये जवळचा आणि दूरचा असे दोन स्वतंत्र स्लायडर आहेत.

फ्री कॅमेरा देणारं टूल असेल तर याहून चांगला मार्ग आहे. गेम थांबवून कॅमेरा लेन्सच्या वर्तुळाएवढ्या भागात किंचित सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि त्या एकत्र मिसळायच्या. कॅमेरा खरोखर हलल्यामुळे केस, काच, अग्रभाग सगळं बरोबर येतं. फक्त फ्रेम घेत असताना पाणी, गवत, कण पूर्ण गोठलेले हवेत; काहीही हललं तर तिथे दुहेरी आकृती उमटते.