विल्यम्सबर्गला जाताना पाय चिखलात घालायच्या तयारीने जा

यंदा जूनमध्ये आई कराडहून आली आणि विल्यम्सबर्गचा तीन वर्षं रखडलेला बेत एकदाचा जमला. आमचं घर वॉशिंग्टनजवळ, तिथून अंतर साधारण दीडशे मैल. शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो म्हणून रस्ता मोकळा मिळाला. उन्हाळ्यातल्या शनिवारी आय-९५वर उशिरा निघालात तर गाड्या नुसत्या सरकतात, तेव्हा मुलांना झोपेतच गाडीत घाला.

विल्यम्सबर्ग १६९९ ते १७८० अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची राजधानी होती. १९२६पासून जुनी घरं दुरुस्त करत, पडलेली पुन्हा उभारत अख्खं गाव अठराव्या शतकात नेऊन ठेवलंय. रस्त्यांवरून फिरायला पैसे पडत नाहीत, पण कारागिरांच्या कार्यशाळांमध्ये, म्हणजे लोहार, सुतार, पिंपं करणारे यांच्याकडे आत शिरायला तिकीट लागतं. मुलं बरोबर असतील तर ते काढाच. सगळे कारागीर रोज बसत नाहीत, म्हणून त्या दिवशी कोण असणार हे आदल्या रात्री बघून ठेवा. आणि वीसेक धंदे एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका. आम्ही चारच पाहिले. त्यातही निम्मी सकाळ एकाच ठिकाणी गेली.

ते ठिकाण म्हणजे वीटभट्टी. उन्हाळ्यात तिथे खड्ड्यात चिकणमाती भिजवलेली असते आणि ती तुडवायला मुलांना अनवाणी उतरू देतात. धाकटा आधी काठावरच अडून बसला. आईने साडी वर खोचली, चपला काढल्या आणि त्याचा हात धरून सरळ आत गेली. थंडगार चिखल घोट्याच्या वर आला, तसा तो खिदळायला लागला. आईचं माहेर कोयनाकाठचं, लहानपण विटा पाडणाऱ्यांच्या शेजारी गेलेलं. तिने मला विचारायला लावलं, ‘मातीत तूस घालता का?’ कारागीर म्हणाला, नाही, नुसती माती. साचा मात्र पाण्यात बुडवून वाळूत घोळवायचा, म्हणजे वीट चिकटत नाही. त्याने गोळा साच्यात जोरात आपटला, वरची माती फळीने निपटली आणि साचा उलटा केला. ‘कोपरे भरले की नाही ते आवाजावरून कळतं,’ आई म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा तो थांबला आणि पुढचा गोळा त्याने तिच्या हातात दिला.

पाय धुवायला पाणी मिळतं, पण पंचा आणि मुलांचे जादा कपडे घेऊन जा.

विटांच्या भिंतीतला चुना कालवांच्या शिंपल्या भाजून केलेला. या किनारपट्टीवर चुनखडी मिळत नाही, म्हणून खाडीतून येईल ते वापरलं, अगदी आपल्या कोकणासारखं. पिंपं करणाऱ्याकडेही तेच. पांढऱ्या ओकच्या लाकडातली छिद्रं आतून बुजलेली असतात म्हणून त्याचं पिंप गळत नाही, तांबड्या ओकचं झिरपतं. फळ्या विस्तवावर तापवून वाकवायच्या आणि कड्यांनी आवळायच्या; खिळा नाही, सरस नाही. लेकीने तिथली ढलपी उचलून दिवसभर हुंगली.

कापडाच्या दुकानात आईला छिटाचा झगा दाखवला. इंग्लंडमध्ये १७२१ ते १७७४ आपल्याकडचं छापील सुती कापड वापरायला बंदी होती, पण अमेरिकेतल्या वसाहतींना ते विकायला मोकळीक होती. कोरोमंडलच्या रंगाऱ्यांचं काम इथल्या बायकांच्या अंगावर असं आलं.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून न्या. १७७५च्या सुमारास या गावातली निम्म्याहून जास्त माणसं काळी होती आणि त्यातली बहुतेक गुलाम. विटा, लोखंड, स्वयंपाक, सगळ्यात त्यांचे हात आहेत. कारागिरांना थेट विचारा, ते आडपडदा न ठेवता सांगतात.

जेवणासाठी आम्ही थालीपीठं आणि दही नेलं होतं. शाकाहारी असाल तर डबा न्याच. पाणी मात्र भरपूर न्या, कारण जूनमधला उकाडा थेट मुंबईची आठवण करून देतो.

साडेतीनला कलोनियल पार्कवेने जेम्सटाउनकडे वळलो. हा उशीर झाला, तुम्ही दोनलाच निघा. जेम्सटाउनचं तिकीटही वेगळं असतं. रस्ता झाडीतून आणि पुढे जेम्स नदीच्या काठाने जातो, मालट्रकना बंदी. १६०७मध्ये १०४ इंग्रज पुरुष आणि मुलगे जेम्सटाउनच्या बेटावर उतरले. भोवती दलदल आणि प्यायला मचूळ पाणी. त्या दलदलीला अजून डांबराच्या नावाने ओळखतात, कारण पाइनपासून डांबर काढायचे प्रयत्न इथे झाले. लाकडी पुलावरून जाताना खाली कासवं दिसली. नदीत ऑस्प्रेचं घरटं होतं. उजनीवर हिवाळ्यात येतो त्याच जातीचा पक्षी, इथे मासा घेऊन पिलांकडे येताना पाहिला. आणि १६३५च्या नोंदींत व्हर्जिनियात आणलेला एक ‘टोनी, ईस्ट इंडियन’ आहे. आपल्या बाजूचा हा माणूस कुठल्या गावचा, ते कुणी लिहून ठेवलं नाही. आई नदीकडे बघत बराच वेळ उभी होती.

बेटाला गाडीने वळसा घालायला तीन आणि पाच मैलांचे दोन रस्ते आहेत. उतरलात तर पायवाट सोडू नका, तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका आणि घरी गेल्यावर मुलांच्या मोज्यांत, गुडघ्यांमागे गोचीड बघा. आमच्या धाकट्याच्या मोज्यावर एक सापडली.

पाडलेल्या विटा उन्हाळाभर वाळतात आणि भट्टी थंडीच्या तोंडावर लागते. आगीच्या तोंडाशी असलेल्या विटांवर लाकडाच्या राखेने निळसर काचेसारखी चकाकी चढते. आपण अशांना खंगर म्हणून बाजूला टाकतो, इथे त्या भिंतीत नक्षीसाठी मुद्दाम बसवत. भट्टी बघायला आम्ही पुन्हा जाणार आहोत. आई तोवर कराडला गेलेली असेल. तिने नातवाला बजावलंय, आपल्या विटेचा रंग कसा आला त्याचा फोटो पाठव.