शुद्ध पावडरीत भेसळ कशाला?

मी पाणी शुद्ध करणाऱ्या पावडरीवर काम करते, हे ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टमध्ये, किराणा दुकानात त्यावर प्रश्न येतातच. शेजारच्या काकूंनी तो परवा अगदी नेमका विचारला, "अगं, चांगल्या शुद्ध पावडरीत तू भेसळ कशाला करतेस?"

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पावडर म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो, मागे रिकामी जागा राहते, आणि या दोघांमुळे पाण्यातली घाण तुटत जाते. अडचण आहे ती उडीच्या उंचीची. माझ्या पावडरीच्या अ‍ॅनाटेज प्रकारात ती ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं माप). एवढी ताकद ३८८ नॅनोमीटरच्या आतल्या तरंगलांबीच्या अतिनील किरणांतच असते, आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. खाडीवर भर दुपारी डोळे दिपतात, पण ते झगझगीत ऊन ही पावडर तसंच परतवते. म्हणून तर ती पांढरी दिसते.

भेसळ त्यासाठी. ऑक्सिजनच्या काही जागी नायट्रोजन बसवला की मधे एक पायरी तयार होते आणि निळ्या प्रकाशालाही उडी जमते. जपानमध्ये असाही नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हे दाखवलं. नायट्रोजन मिळावा म्हणून मी पावडर युरियाबरोबर खलते आणि झाकणाच्या क्रूसिबलमध्ये, म्हणजे भट्टीत चालणाऱ्या मुशीत, ४५० अंशांवर भाजते. भट्टी तापताना अमोनियाचा वास नाकात जातो. गार झाल्यावर झाकण काढलं की आत लिंबाच्या सालीसारखी पिवळी पावडर.

पहिल्यांदा तो पिवळा रंग बघून मी हरखून गेले होते. पावडर घालून मिथिलिन ब्लू या रंगाचं निळं पाणी दिव्याखाली ठेवलं, मधे ४२० नॅनोमीटरखालचं सगळं, म्हणजे अतिनीलही, अडवणारी काच. तीन तासांत पाणी फिकं! सरांनी एवढंच विचारलं, "फिनॉल घेऊन बघितलंस?"

फिनॉल हे सांडपाण्यात सापडणारं विषारी रसायन, त्याला रंग नसतो. ते जवळपास होतं तेवढंच राहिलं. मिथिलिन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतं, आपला इलेक्ट्रॉन पावडरीला देतं आणि तुटतं. माझ्या नायट्रोजनचं श्रेय त्या रंगाचं होतं. मग मी युरिया वाढवला. पावडर आणखी पिवळी झाली आणि काम आणखी मंदावलं. परका अणू पायरी होतो तसा खड्डाही होतो. इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा तिथे अडकून एकमेकांना गाठतात, ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. लोखंड, क्रोमियम घातलं तरी हाच धोका. पावडर किती गडद झाली याचं आमच्या क्षेत्रात फार कौतुक होतं, ते मला पटत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. रंगाचं पाणी निदान दिसतं तरी. फिनॉलचं पाणी नितळ असतं, ते कुणालाच दिसत नाही. म्हणून माझी परीक्षा आता फिनॉलवरच.

सध्या युरिया निम्म्यावर आणलाय. पावडर इतकी फिकी निघते की पांढऱ्या कागदावर ठेवल्याशिवाय पिवळेपणा कळत नाही. पण फिनॉल कमी होतंय, हळूहळू, आणि तीनदा करून पाहिलं तर तिन्ही वेळा झालं.